जमिनीचा होकार

"वाफ! अरे, वाफ निघाली!"

कुणीतरी ओरडलं आणि झाडीत जमलेली सगळी गर्दी एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून पाहू लागली. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी छोट्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि आतली माती खदखदत होती. जमिनी विकणाऱ्या भूमीबाबांनी डोळे मिटले.

"जमिनीने होकार दिला! आता इथे घर बांधा. भिंतीला तडा जाणार नाही, घरात दुखणं येणार नाही, सून उलटून बोलणार नाही."

शेवटच्या आश्वासनाला पोस्टमास्तरांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं.

घड्याळजी हे सारं आ वासून पाहत होता. एरवी हा माणूस भलताच संशयी. गिऱ्हाइकाने "फक्त सेल संपलाय" म्हटलं तरी मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. पण भाड्याच्या दोन खोल्यांत राहून तो विटला होता. खिडकी उघडली की शेजाऱ्याची मोरी! त्यात धाकट्या भावाने ही झाडी दाखवली. "दादा, पाखरांच्या आवाजाने जागा होशील," म्हणाला, आणि दादा विरघळला. व्यवहारही भावानेच जुळवला होता. वडिलांचं बाजारातलं दुकान द्यायचं, बदल्यात भूमीबाबांकडून ही जमीन घ्यायची. दुकानाची किल्ली घड्याळजीच्या खिशात होती. होकार मिळाला की ती बाबांच्या हातात ठेवायची, असं ठरलं होतं.

"पण इथे घर बांधायला परवानगी मिळते का?" त्याच्या बायकोने विचारलं. ती दवाखान्यात नर्स होती. "झाडांवर सरकारी तांबडे पट्टे दिसताहेत."

"कचेरीत चौकशी केली की जमीन रुसते, ताई," बाबा गोड हसले.

"वहिनी, आजच्या दिवस तरी नाट लावू नकोस," भाऊ पुटपुटला. मग एक जागा दाखवून म्हणाला, "दादा, इथे ओत."

घड्याळजीने पाणी ओतलं. थोड्या वेळाने माती फुगली, चिरफळली आणि वाफ वर आली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. बाबांच्या सांगण्यावरून त्याने ती ऊन माती दोन्ही हातांत घेतली आणि कळवळून टाकून दिली.

"जमीन तुमच्यातला संशय जाळते आहे!" बाबा गरजले.

"संशय कसला, कातडी जळतेय!" बायकोने झटकन बाटली उघडली आणि त्याच्या तळव्यांवर धार धरली. माती पार निघून जाईपर्यंत ती हात धूत राहिली. मग तिने काटकीने खड्डा उकरला. काळ्या मातीत पांढरे खडे होते. त्यातला एक तिने रुमालात धरून जवळच्या खडकावर ठेवला आणि त्यावर पाणी ओतलं. खडा तापला, फुटला, फसफसला आणि वाफ सोडू लागला.

"बाबा, हा तर खडक आहे. यानेही होकार दिला का?"

मागे कुणीतरी फिदकन हसलं.

"हा कळीचा चुना आहे," ती लोकांना म्हणाली. "पाणी लागलं की तापतो. ओतणारा साधू असो की चोर, त्याला काही फरक पडत नाही. याने भाजलेले रंगाऱ्यांचे हात आम्ही दवाखान्यात नेहमी पाहतो."

पोस्टमास्तर मटकन खाली बसले. बाबा "घोर पाप, घोर पाप" म्हणत आपल्या जीपकडे निघाले. त्यांची चाल मात्र ध्यानस्थ माणसाची नव्हती.

नर्स दिराकडे वळली. ती दिराच्या उजव्या हाताकडे पाहत होती. त्याच्या बोटांना पट्टी होती. गेल्या आठवड्यात तिनेच ती बांधली होती.

"किटलीने भाजलं म्हणाला होतास," ती म्हणाली.

घड्याळजीने पट्टीकडे पाहिलं. भाऊ आता हसेल, 'काहीतरीच काय, वहिनी' म्हणेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. भावाने हात पाठीमागे घेतला.

"खड्ड्यांत चुना तू भरत होतास?" घड्याळजीने विचारलं.

"आप्पांनी दुकान तुलाच दिलं, दादा. मला काय मिळालं? बाबांकडून ते फिरून माझ्या नावावर होणार होतं."

"आणि माझं घर?"

"हे राखीव जंगल आहे. इथे वीटसुद्धा ठेवू देत नाहीत."

"अरे, मागितलं असतंस तर अर्धं दुकान..." घड्याळजी म्हणाला. ज्याला हाताला धरून शाळेत पोचवलं होतं, त्यानेच ही जागा निवडली होती, चुना पुरला होता आणि वर "इथे ओत" म्हटलं होतं. त्याला सगळ्यांसमोर रडू आलं.

डोळे पुसून तो लोकांकडे वळला. "मंडळी, मी परक्यांची घड्याळं उघडून पाहतो. भावाचा शब्द मात्र उघडून पाहायचा नसतो, असं समजत होतो. तुम्ही ही चूक करू नका. जमीन होकार देत नाही आणि नकारही देत नाही. घर बांधता येतं की नाही, ते कचेरीत जाऊन विचारा. चमत्कार दिसला तर त्याची माती उकरा. 'विचारू नका' म्हणणारा आपल्या घरचा असेल, तर दोनदा विचारा. खरा असेल तो रागावणार नाही."

भाऊ मान खाली घालून उभा होता. पट्टी घामाने भिजून सैल झाली होती. नर्सने ती सवयीने नीट गुंडाळली आणि गाठ मारली.

"उद्या दवाखान्यात येऊन बदलून घे," ती म्हणाली. "घरी येऊ नकोस."