टायर सांगतील ते

सासऱ्यांची गाडी लाल, बुटकी आणि दोन दारांची. तिच्यात बसायचं म्हणजे आधी डोकं आत घालायचं आणि मग उरलेलं अंग सावकाश मागवून घ्यायचं. एकाहत्तराव्या वर्षी सासरे हे एका झटक्यात करत, आणि मुलाला नेमकं तेच खुपत असे. या वयाच्या माणसाने कसं, चार फेऱ्या माराव्यात, पेपर वाचावा, गुडघ्यांच्या नावाने खडे फोडावेत. सासऱ्यांना यातलं काहीच धड जमत नव्हतं.

महिन्यापूर्वी डोंगरातल्या एका वळणावर गाडी हातभर घसरली. शेजारी मुलगा बसला होता. सासऱ्यांनी गाडी सावरली, पण मुलगा घरी पोचेपर्यंत पांढराफटक होता. त्यात दुसऱ्याच दिवशी त्याला पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लांबलचक ओरखडा दिसला.

"बघा! आता फुटपाथलाही घासायला लागलात. हात गेला तुमचा, बाबा. विकून टाकू ही गाडी."

सासरे त्या ओरखड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "टायर तसेही बदलायचेत. टायरवाल्या मास्तरांकडे नेतो. टायर सांगतील ते मला मान्य."

मुलाला कामातून सवड नव्हती, तेव्हा साक्षीदार म्हणून सुनेला धाडलं. "मास्तर म्हणतील ते जसंच्या तसं सांग मला. बाबांची बाजू घेऊ नकोस," असं वर बजावलंही.

सुनेला जायचंच नव्हतं. कारण तो ओरखडा तिचा होता.

झालं होतं असं, की एका दुपारी घरात कोणी नव्हतं आणि किल्ली खुंटीवर होती. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं, पाच मिनिटांचा मामला. त्या पाच मिनिटांत ती एकटीच मोठ्याने हसली होती, दोनदा. परत येऊन गाडी लावताना करकर आवाज झाला. तिने किल्ली होती तशी खुंटीला अडकवली आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. नवरा बापावर ओरडला तेव्हा तिने तोंड उघडायला हवं होतं. ती मूग गिळून बसली, आणि ते मूग आता काही केल्या पचत नव्हते.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट शेड, वरपर्यंत टायरच टायर. मास्तर म्हणजे काडीपैलवान, चष्मा कपाळावर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला बाकावर बसवून गप्प करायची पद्धत अस्सल मास्तरकीची होती. त्यांनी गाडी उचलली, चारही चाकांवर खडूने जागा लिहिली, टायर सोडवले आणि गाडीखाली जसे होते त्याच क्रमाने जमिनीवर मांडले.

"आता कोणी बोलायचं नाही. आधी मी वाचतो."

त्यांनी डोळे मिटले आणि पहिल्या टायरवरून तळहात पुढे नेला, मग मागे आणला. आतली कड, मध्य, बाहेरची कड, तिन्ही ठिकाणी नक्षीची खोली मोजली. मध्येच एका खाचेत करंगळी घालून ते थांबले, आणि कोणाचं तरी म्हणणं ऐकून घ्यावं तशी मान हलवली.

सून बघतच राहिली. ती स्वतः कपडे अल्टर करून द्यायची. बाहीचं कोपर कुठे विरलंय, पँटची कड कोणत्या टाचेने खाल्लीय, यावरून माणूस कसा बसतो आणि कसा चालतो ते तिला न विचारता कळायचं. त्यामुळे समोरचा माणूस नाटक करत नाहीये, खरंच वाचतोय, हे तिने पहिल्या मिनिटाला ओळखलं. काय हात होता! आणि हाच हात आता डाव्या टायरकडे येणार होता.

"कोण चालवतं ही?" मास्तरांनी डोळे उघडले.

"मी," सासरे म्हणाले.

"तीस वर्षं झाली मला या धंद्यात. इतकी सारखी झीज मी पाच-सात वेळा पाहिली असेल. कुठे कचकन ब्रेक नाही, वळणावर ओढाताण नाही, हवा कधी कमी नाही. माणूस गाडी चालवतो की लोणी लावतो?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. उभ्या आयुष्यात कारखान्यात लेथवर केसाएवढी चूक होऊ न दिलेला हा माणूस, पण कौतुक समोर आलं की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

"पण घसरली," ते म्हणाले.

"कधी?"

"सकाळी. थंडी होती."

मास्तरांनी टायर उभा केला आणि बाजूवरच्या चार आकड्यांवर बोट ठेवलं. "हा बनवल्याचा आठवडा, हे साल. आठ वर्षांचे झालेत हे. नक्षी शिल्लक आहे, पण नख लावून बघा, रुततच नाही. त्यात हे उन्हाळी टायर. गरम रस्त्यावर घोरपडीसारखे चिकटतील, थंडीत दगड. तुमचा हात नाही गेला, रबर गेलं. दुसरा कोणी असता तर चार वर्षांत झिजवून फेकले असते. तुम्ही इतके जपलेत की ते गाडीखालीच म्हातारे झाले."

"दर शनिवारी हवा बघतो, खोली मोजतो," सासरे पुटपुटले. "तारीख नाही बघितली कधी."

मग मास्तर डाव्या टायरपाशी उकिडवे बसले. ओरखड्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"हे मात्र अक्षर वेगळं आहे. इथे हळूच टेकलं, आवाज आला, आणि घाबरून स्टिअरिंग उलट्याच बाजूला फिरवलं, म्हणून पुढे खोल गेलंय. बाकीचे तीन ज्याने असे झिजवले, त्याचं हे काम नाही."



"वय झालं, मास्तर," सासरे शांतपणे म्हणाले. "माझंच असणार ते."

सुनेने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. एवढं एक वाक्य, आणि गाडी हातची जाणार होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी ते बोलले. तिला इतकी लाज वाटली, आणि त्या माणसाबद्दल इतकं प्रेम दाटून आलं, की तिने तिथेच नवऱ्याला फोन लावला.

"मास्तर म्हणतात बाबांचा हात सोन्यासारखा आहे. टायर म्हातारे झाले म्हणून गाडी घसरली. आणि तो ओरखडा माझा आहे. हो, माझा. घरी आल्यावर बोल काय बोलायचं ते."

मास्तर एकाएकी पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधू लागले. मग त्यांनी तीन नवे टायर आणून उभे केले. एक बाराही महिने चालणारा, कडक. एक आवाज न करणारा. आणि एक उन्हाळी, मऊ, रस्त्याला घट्ट धरणारा.

"तुला कापडातलं कळतं," सासरे सुनेला म्हणाले. "हात लावून सांग."

तिने तिन्हींना नख लावलं, बोटं दाबली. तिसऱ्यावर तिचा हात आपोआप थांबला. "हा. पण बाबा, हा लवकर झिजेल."

"तीन उन्हाळे," मास्तर म्हणाले. "थंडीत मात्र गाडी घरात ठेवायची."

"झिजू दे," सासरे म्हणाले. "या खेपेला जपून म्हातारे करायचे नाहीत. हेच चार बसवा."

काम आटोपल्यावर मास्तरांनी बजावलं, "नवं रबर गुळगुळीत असतं. पहिले दोनशे किलोमीटर बेताने." सासऱ्यांनी मान डोलावली, गाडीला वळसा घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली त्यांनी खिडकीतून सुनेपुढे धरली.

ती जागची हलेना. "बाबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"गाडीतून उतरताना तू सीट पुढेच सरकवलेली ठेवलीस. माझे गुडघे डॅशबोर्डला लागले तेव्हाच कळलं."

"मग त्याला सांगितलं का नाहीत? गाडी जाणार होती तुमची!"

"तुझं नाव सांगितलं असतं, तर तू पुन्हा कधी हिला हात लावला नसतास," सासरे म्हणाले आणि पट्टा लावला. "चल. आणि फुटपाथपासून वीतभर लांब."