हौसेरावांनी खोडलेलं नाव

फ्लेमिंगो एफसी हा महिला फुटबॉलचा संघ आठ संघांच्या लीगमध्ये सातवा आला, तेव्हा हौसेरावांना निदान एवढं समाधान होतं, की आपल्याही खाली कोणीतरी आहे. ते फार दिवस पुरलं नाही. संघाचे मालक धनेशशेठ यांनी सीवूड्सच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारी बैठक लावली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर स्वतःच्या हाताने विषय लिहिला: 'ड्राफ्टमध्ये आपण काय शेण खाल्लं?'

ड्राफ्ट म्हणजे सगळ्या संघांनी एका हॉलात बसून पाळीपाळीने खेळाडू निवडायच्या. आपली पाळी आली की एकच नाव घ्यायचं, आणि एकदा घेतलं की ती पोरगी तीन वर्षं आपली, जमलं तरी आणि नाही जमलं तरी. हे तर लग्नासारखंच झालं, असं हौसेराव पहिल्याच वर्षी म्हणाले होते. सगळे हसले होते. हौसेराव मात्र ते गंभीरपणे धरून बसले, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली, संध्याकाळी हमालांच्या संघात गोलकीपर म्हणून उभे राहिले, आणि पुढे त्याच खेळाने त्यांना सानपाड्यात घर आणि संघाच्या मुख्य निवडकाराची खुर्ची मिळवून दिली. मैदानावर खेळाडू बघून त्यांचं कधी समाधान व्हायचं नाही. ते तिच्या घरी जायचे. पोहे खायचे, चहा घ्यायचे, आई-बापाशी बोलायचे, दारातल्या चपलांपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं नजरेखालून घालायचे. 'खाण तशी माती' ही म्हण त्यांच्या तोंडी सदा असायची. आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून बापाला ठरलेला प्रश्न विचारायचे: पोरीच्या लग्नाचं काय? तीन वर्षांचा करार करायचा आणि सहा महिन्यांत पोरगी सासरी, हा तोटा त्यांना परवडणारा नव्हता.

संघात खेळाडूंचे आकडे बघायला संघप्रिया होती. सत्तावीस वर्षांची, मोजकं बोलणारी, प्रत्येक सामन्याचं चित्रण चार-चारदा बघणारी. तिला हौसेरावांनीच निवडलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ड्राफ्टसाठी तिने केलेल्या यादीत पहिलं नाव होतं उन्नतीचं. करावे गावची, म्हणजे ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरची. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी हौसेरावांनी फोन केला आणि ते नाव खोडायला सांगितलं. संघप्रियाने कारण विचारलं, वाद घातला, आकडे पुन्हा वाचून दाखवले. हौसेराव एवढंच म्हणाले होते, "पोरी, मी तिच्या घरी जाऊन आलोय."

नाव खोडलं गेलं. यादी संघप्रियाच्या ईमेलवरून गेली, कारण हौसेरावांना ईमेल धाडता येत नव्हता.

उन्नतीच्या जागी त्यांनी कोरेगावकडची उज्वला घेतली. तिच्या बापाने देवाशपथ सांगितलं होतं, की तीन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. बाप शब्दाला जागला. उज्वला सहाव्या महिन्यात पोलीस भरतीत निवडली गेली आणि लग्नाचं नावही न काढता निघून गेली. इकडे उन्नतीला पुण्याच्या संघाने उचललं. तिने हंगामात अकरा गोल केले, त्यातले दोन फ्लेमिंगोवर.

"आपल्या गावची पोरगी," धनेशशेठ बैठकीत म्हणाले, "आन ती पुन्याकडून खेळते. माझी आज्जी मला विचारते, तुला दिसली नाय का रे? ही यादी कोणी बनवली?"

हौसेरावांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तीस वर्षं लोक जिला 'हौसेरावांची नजर' म्हणत आले, ती नजर त्या दिवशी चेंडूवर नव्हतीच, उंबऱ्यावर होती, हे या एसीच्या गारठ्यात कसं सांगायचं? त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. संघप्रियाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, फार वेळ नाही.

"यादी मीच पाठवली होती," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

धनेशशेठ म्हणाले, की मग आकड्यांवर एवढा खर्च कशाला करायचा. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते सोमवारी ठरवू. हौसेराव पाणी प्यायले. सगळा ग्लास संपवला. तहान नसताना एवढं पाणी ते आयुष्यात कधी प्यायले नव्हते.

शनिवारभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायकोने, पुतळाबाईंनी, दोनदा विचारलं, तर तिच्यावरच डाफरले आणि मग त्याचीही लाज वाटली. मनाची समजूत घालायला एकच वाट उरली होती: उन्नतीचं लग्न खरंच ठरत होतं, असं कळलं तर आपण अगदीच चुकलो नव्हतो. रविवारी सकाळी ते रिक्षा करून करावे गावात गेले.

उन्नतीचे वडील गोटीराम ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. हंगाम संपल्यामुळे लेकही घरीच होती. हौसेरावांनी आडून आडून विचारलं, की गेल्या वर्षी त्या स्थळाचं पुढे काय झालं.

"कुठला स्थळ?" गोटीराम म्हणाले.

तुम्हीच म्हणाला होता, बघतोय म्हणून, अशी हौसेरावांनी आठवण करून दिली. गोटीराम हसले.

"अवो, दारात उभा ऱ्हाऊन कोन पोरीच्या लग्नाचं इचारतं, त्याला बाप काय सांगनार? बघतो हाय, असाच बोलाचा असतो. नाय बघत बोललो तं लोकं समजतात पोरीत कायतरी खोट हाय. तुमच्याकडं काय येगळं बोलतात काय?"

हौसेरावांकडे वेगळं बोलत नव्हते. त्यांनी स्वतःच्या दोन्ही लेकींच्या वेळी, त्या शाळेत असल्यापासून, विचारेल त्याला हेच उत्तर दिलं होतं. जे उत्तर स्वतः शंभरदा तोंडदेखलं दिलं, तेच दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर खरं मानून त्यांनी एका पोरीचं नाव खोडलं होतं.

चहा घेऊन उन्नती आली. तिने कप पुढे केला आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी मी आतच होते. चहा मीच केला होता. मला हाक मारली असती, तर मी सांगितलं असतं."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. हौसेरावांनी चहा बशीत ओतला आणि खाली मान घालून संपवला.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच ते दारात हजर होते. धनेशशेठ आले, पाठोपाठ संघप्रिया आली, आणि हौसेरावांनी खुर्ची न घेता उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाव मी खोडायला लावलं. ही खोडू नका म्हणत होती. कारण काय, तर बाप लग्नाचं बघतोय म्हणाला. पोरीला मी विचारलंच नाही. शुक्रवारी गप्प बसलो, कारण मला लाज वाटली, आणि गप्प बसल्याची आता त्याहून जास्त वाटतेय.



"हौसेराव, आपन टीम काढली का सोयरीक जुळवायचं ऑफिस?" धनेशशेठ म्हणाले. मग त्यांनी ठरवून टाकलं: संघप्रियाचं कॉन्ट्रॅक्ट वाढेल, पुढच्या ड्राफ्टची यादी तीच करेल, आणि हौसेराव फक्त मैदानावर बघतील, कोणाच्या घरी जाणार नाहीत.

हौसेरावांना उलट हलकं वाटलं. झाली ती शिक्षा रास्त होती. बाहेर पॅसेजमध्ये ते संघप्रियासाठी थांबले. तिची क्षमा मागितली, अगदी हात जोडून. आणि माणूस मोकळा झाला की जरा जास्तच बोलतो, तसे पुढे म्हणाले, की पोरी, तुझ्या बाबतीत तरी माझी नजर चुकली नव्हती.

 संघप्रिया शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या मुलाखतीतही तुम्ही लग्नाचं विचारलं होतं. मी म्हणाले, तीन-चार वर्षं तरी विचार नाही."

हौसेरावांना ते आठवत होतं. त्या उत्तरावरच त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली होती.

"तेव्हा लग्न महिन्यावर आलं होतं," ती म्हणाली. "भावाचं लग्न आहे सांगून मी चार दिवस रजा घेतली. तुम्ही नवरदेवासाठी म्हणून टॉवेल-टोपी दिलीत, आठवतं? मला भाऊ नाही, सर."