पाणी कुठवर येते ते पाहा

मी एक जुनी कॉफी मशीन आहे, मित्रांनो. घरगुती, एका वेळी दोन कप काढणारी. मला कुणी चहाच्या पातेल्याच्या रांगेत बसवलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात एक छोटा पंप आहे आणि एक पितळी बॉयलर. पंप पाणी ढकलतो, बॉयलर ते तापवतो आणि ते पाणी दाबून बसवलेल्या कॉफीच्या भुकटीतून जोरात खाली येतं. कपात घोटभर दाट कॉफी उतरते. तिला एस्प्रेसो म्हणतात. काम एवढंच, पण ते मी बारा वर्षं इमानेइतबारे केलं.

पुण्यातल्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात मी होते. यवतमाळकडच्या मारेगावची उर्वशी तिथे कामाला होती. बाकीची मुलं मला घाईघाईत पुसायची, उर्वशी मात्र वाफेची नळीसुद्धा आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसायची. लोक माझ्या कॉफीचं कौतुक करत आणि मी फुशारून जाई. मग दुकान बंद झालं. मालकीणबाईंनी मला उर्वशीच्या हवाली केलं. त्याच महिन्यात तिच्या आईच्या, म्हणजे प्रभावतीबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात दोघीच मायलेकी. उर्वशी मला मांडीवर घेऊन एसटीनं गावी आली.

मारेगावात मला कोण विचारणार? शेजारच्या मानीबाई मला पाहून म्हणाल्या, "एवढं मोठं धूड अन् कप केवढासा!"  पण उर्वशी रोज सकाळी माझ्यावर सराव करायची, कारण तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती. यवतमाळच्या एका खानपान शिकवणाऱ्या संस्थेला कॉफी शिकवणारी बाई हवी होती. शुक्रवारी प्रात्यक्षिक होतं आणि मशीन ज्याची त्यानं आणायची होती. ही नोकरी मिळाली तर ती घरून येऊन-जाऊन आईजवळ राहू शकणार होती. नाहीतर पुण्याला परत जाणं भाग होतं, कारण तिकडून बोलावणं आलेलंच होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्याच्या सोमवारी मी बंद पडले. बटण दाबलं की पंप घरघर करायचा, पण खाली थेंब उतरायचा नाही. शरमेनं मेल्यासारखं झालं मला.

उर्वशीनं पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, पंप गेला असेल, नवा यायला पंधरा दिवस लागतील. मानीबाईंनी लगेच भंगारवाल्याचं नाव सुचवलं. उर्वशीनं ते कानाआड केलं. मग मला चादरीत गुंडाळलं आणि बाजारातल्या उकंडाकाकांच्या दुकानात नेऊन ठेवलं.

उकंडाकाका फवारणीचे पंप दुरुस्त करतात. कपाशीच्या दिवसांत त्यांच्या दुकानासमोर पाठीवरच्या पंपांची रांग लागते. माझ्यासारखी मशीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी पाना उचलला, माझ्याजवळ आणला आणि परत खाली ठेवला.

"थांब पोरी. हे पाने जहराच्या पंपाचे आहेत. तुह्या मशीनचं तर लोकं पिऊन राह्यले." मग त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले आणि शिलाई मशीनसाठी वेगळी ठेवलेली हत्यारं काढली. तेव्हाच मी त्या माणसावर विश्वास टाकला.

"काका, पंप गेला म्हणतात," उर्वशी म्हणाली.

"गेला असता तर बोलला असता काय? फवाऱ्याचं अन् हिचं एकच आहे. पाणी कुठवर येते ते पाहू. जिथं थांबलं, तिथं दुखणं."

त्यांनी टाकीची नळी काढली. पाणी आलं. पंपाच्या पुढची नळी काढली. पाणी पिचकारीसारखं त्यांच्या सदऱ्यावर उडालं. बॉयलरच्या पुढची काढली, तर सगळं कोरडं. "सापडलं," काका म्हणाले.

बॉयलरचे स्क्रू गंजून बसले होते. तेल सोडून, थांबून, पुन्हा फिरवून मंगळवारी दुपारी ते निघाले. आत पाहते तर काय, माझं स्वतःचं पोट मलाच ओळखू येईना! चुन्यासारखा पांढरा थर, नखाएवढा जाड. पाण्याची वाट पूर्ण बुजलेली.

उर्वशीचा चेहरा उतरला. "काका, म्या तर फिल्टरचंच पाणी वापरा म्हणून सांगितलं होतं घरी."

"हे बोरचं पाणी आहे, पोरी. आमच्या घरच्या नळावर असाच थर येते."

मला घेऊन घरी आल्यावर तिनं आईला विचारलं. प्रभावतीबाई काठी टेकून भिंतीशी उभ्या होत्या. "म्या भरत होती," त्या म्हणाल्या. "पाच वाजता उठून टाकी भरून ठेवत होती. तुरटी फिरवून, गाळ बसला की वरचं निवळ पाणी. फिल्टरची कॅन दिवसाआड येते. यंत्राले कायले फिल्टरचं पाणी, म्हटलं."

"पण तू पाचाले काहून उठते? गुडघा असा असताना?"

"तुले उठल्याबरोबर तयार भेटलं पाहिजे. नाहीतर तुले इथं करमन नाही, तू जाशीन पुण्याले."

मित्रांनो, तुरटीनं गाळ बसतो, पाण्यातला क्षार जात नाही. पण त्या क्षणी मला प्रभावतीबाईंचा जराही राग आला नाही. उर्वशी थोडा वेळ आईपाशी बसली. मग उठली आणि किराणा दुकानातून लिंबूसत्त्व घेऊन आली.

कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून माझा बॉयलर भिजवला. फेस आला, थर सुटला, पण वाट मोकळी झाली नाही. बुधवारी दुकानात दुसऱ्यांदा भिजवला. काकांनी बांबूच्या काडीनं हळूहळू खरवडलं. तिसऱ्या वेळी नळीतून पाणी सरळ निघालं. मला पुन्हा जोडून बटण दाबलं, तर वरच्या कडेनं गरम पाण्याची गळती. रबराची रिंग कडक होऊन झिजली होती.

काकांकडे फवाऱ्याच्या रिंगा ढीगभर होत्या, नव्याकोऱ्या. पण ते स्वतःच नको म्हणाले. "मापाचं नाही, अन् तोंडात जाणाऱ्या गोष्टीले हे रबर नाही लावायचं."

गुरुवार होता. दुपार टळून गेली होती. उर्वशी मला उचलून घरी आली आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक काढून झाकणं उलटी करून आतल्या रिंगा पाहू लागली. प्रभावतीबाईंनी सव्वीस वर्षं अंगणवाडीत नेलेला डबा स्वतःहून पुढे केला. झाकणात पातळ, मऊ, गोल रिंग होती. "घे. आता कुठं नेतो मी डबा," त्या म्हणाल्या. दुकानात परतल्यावर काकांनी माझी जुनी रिंग उलटी बसवली आणि तिच्या मागे डब्याची रिंग आधाराला दिली. बटण दाबलं. मी सगळा जोर लावला. कडेनं एक थेंब नाही. खाली मात्र मधासारखी दाट धार उतरली. काका एवढंच म्हणाले, "हं, आता बोलली."

शुक्रवारी संस्थेत तीन जण समोर बसले होते. कॉफी त्यांना आवडली. मग त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "इथे या मशीनचा मेकॅनिक नाही. बंद पडली तर काय कराल?"

उर्वशीनं पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. माझ्या पोटातला पांढरा खडा होता तो. "मुलांचा पहिला धडा हाच," ती म्हणाली. "पाणी कुठवर येतं ते पाहायचं." आणि तिनं चार दिवसांची सगळी हकिकत सांगितली, अंगणवाडीच्या डब्यासकट. सोमवारपासून रुजू व्हा, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

शनिवारी पहाटे पाचला मला काठीचा आवाज आला. प्रभावतीबाईंनी कॅन तिरपी करून माझी टाकी फिल्टरच्या पाण्यानं भरली. मग स्वतःला पेला भरून घेतला, बोरच्या पाण्याचा. इतके दिवस मी हे पाहत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दारात उर्वशी उभी होती. तिनं आईच्या हातून पेला घेतला, मोरीत ओतला आणि कॅनमधल्या पाण्यानं भरून दिला.

"मी काय मशीन आहो?" प्रभावतीबाई हसून म्हणाल्या.

"मशीनचं पोट उघडून पाहता आलं, माय. तुह्यं कसं उघडून पाहू?"

प्रभावतीबाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरातलं यंत्र जपा, त्याला चांगलं पाणी द्या. पण टाकी भरून झाली की मागे वळून एकदा पाहा, भरणाऱ्या माणसाच्या पेल्यात कोणतं पाणी आहे.