त्र्याहत्तर नंबरची कबर

डोंगर खचला त्याला तीन आठवडे झाले होते. चर्चमागच्या माळावर एकशे अठ्ठावीस कबरी होत्या. काही आमच्या गावच्या माणसांच्या, बाकी वरच्या वस्त्यांतून चिखलाबरोबर वाहत आलेल्यांच्या. त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. गावप्रमुखांनी वहीत नंबर घालून प्रत्येकाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. तेच नंबर क्रूसांवर पेन्सिलीने टाकले होते, पण ते पुसट होऊ लागले. म्हणून वर पत्र्याचे आकडे ठोकायचं ठरलं.

बादल्या बनवणारे मावुतोकाका माझ्याकडे आले. मी शाळेत गणित शिकवते.

"बाई, पत्रा मोजकाच आहे. कुठला आकडा किती कापू?"

मी वही घेऊन बसले. नऊ कबरींना एकेक आकडा, नव्वदांना दोन-दोन, उरलेल्या एकोणतिसांना तीन-तीन. एकूण दोनशे शहात्तर. मग एकक, दशक, शतक असं वेगवेगळं मोजून प्रत्येक आकड्याची बेरीज केली.

"एक बासष्ट लागतील, दोन बत्तीस. तीनपासून आठपर्यंत प्रत्येकी तेवीस. नऊ आणि शून्य बावीस-बावीस."

"एकाचेच आकडे एवढे कसे?"

"शंभराच्या पुढे प्रत्येकाला एक लागतोच ना, काका."

काका पत्रा कापायला निघाले. त्यांची बायको एकशे चार नंबरला होती.

चार दिवस ते एकटेच ठोकत होते. पाचव्या दिवशी शाळेच्या दारात येऊन त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर एक तीन आणि एक सात.

"उरले. चुकलात तुम्ही, बाई. पोरांना हेच शिकवता काय?"

मी दोनदा मोजून पाहिलं. बेरीज बरोबर होती.

"काका, कुठली तरी कबर राहिलीय. सदतीस नाहीतर त्र्याहत्तर."

"किंवा तीन आणि सात?"

"ते तुम्ही ठोकलेत?"

"पहिल्याच दिवशी."

आम्ही माळावर गेलो. सदतीसला आकडे होते. पुढच्या रांगेत बहात्तर होता आणि त्यानंतर एकदम चौऱ्याहत्तर. मध्ये सपाट जमीन. पावसात क्रूस वाहून गेला होता, माती बसली होती आणि झऱ्याकडे जाणाऱ्यांची पायवाट त्यावरूनच पडली होती.

काका झटकन मागे सरले.

"चार दिवस मी इथूनच ये-जा केली," ते म्हणाले. "खांद्यावर पत्रे घेऊन."

त्यांनी स्वतःच्या पलंगाची फळी कापून क्रूस केला. ते दोन आकडे त्यावर ठोकले आणि पायवाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. बायका वळसा घालून पाणी आणू लागल्या. कुणी कुरकुर केली नाही.

काही महिन्यांनी, जुलैत, वरच्या वस्तीवरचा एक म्हातारा आला.

"माझा मुलगा, यामिकानी. निळा शर्ट होता. कोपराला त्याच्या आईने लाल दोऱ्याने ठिगळ लावलं होतं."

प्रमुखांनी वहीची पानं उलटली. बोट त्र्याहत्तरवर थांबलं.

म्हातारा कबरीशी बसला. पत्र्यावरून बोटं फिरवत त्याने विचारलं, "हे त्याचं नाव का?"

"नाही, नंबर आहे," काका म्हणाले. "नाव मी लावून देतो. दोन दिवस राहा माझ्याकडे."

काकांना आकडे कळत, पण लिहितावाचता येत नव्हतं. मी कोळशाने पत्र्यावर अक्षरं काढून दिली, त्यांनी ती कापली. त्यातलं एक उलटं ठोकलं गेलं. माझ्या लक्षात आलं आणि मी तसं म्हणाले.

"असू दे," म्हातारा म्हणाला. "त्याला कळेल."