तेरा किलो आणि आठ किलो

दुकानात शिरल्याबरोबर त्याने पाठीवरच्या पिशवीतून पिठाच्या दोन थैल्या काढल्या. एक तेरा किलोची, दुसरी आठ किलोची. थोरलीचे आणि धाकट्याचे वजन नेमके तेवढेच. तो शाळेत भौतिकशास्त्र शिकवी. तीन रविवार खर्चून त्याने बाबागाड्यांचा एक तक्ता केला होता. त्यात चाकांचा व्यास होता, वळणाची त्रिज्या होती, लिफ्टच्या दाराची रुंदीही होती.

"थैल्या कशाला?" दुकानातल्या बाईंनी विचारले. "मुलं आणलीयेत की सोबत."

"मुलं हलतात," तो म्हणाला. "मोजमाप चुकतं."

धाकटा त्याच्या बायकोच्या खांद्यावर लाळ गाळत होता, अडीच वर्षांची थोरली हाताला लोंबकळत होती, आणि सलग दीड तासाहून अधिक झोप मिळून तिला नऊ महिने लोटले होते. ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी, त्यामुळे मोजमापाशी तिचे वाकडे नव्हते. रजा संपून सोमवारी ती कामावर परतणार होती. तो सहालाच घर सोडी; तेव्हा दोघांना घेऊन पाळणाघराचा चढ तिलाच चढायचा होता, एकटीने, रोज. आजची गाडी तिला पेलली नाही, तर सगळेच गणित कोलमडणार होते.

त्याची निवड ठरलेली होती: एकामागे एक आसने असलेली लांबट गाडी. थैल्यांना पट्टे बांधून त्याने ती दुकानभर फिरवली. "बघ, एका बोटाने."

तिने दांडा धरून पाहिला. तो तिच्या छातीशी येत होता.

"हा खाली होतो का?"

"नाही. पण एकशे आठ सेंटिमीटर ही आदर्श उंची आहे."

"कोणासाठी?"

त्याने तक्ता पाहिला. रकाने अकरा होते, ढकलणाऱ्याचा नव्हता.

बाई उगाचच एक खुळखुळा पुसू लागल्या. "आमचा पलंग सासऱ्यांच्या मापाने केलाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी त्यावर चढतेय."

भांडायला त्राण लागते. ते तिच्याजवळ नव्हते. "पीठ काढ," ती म्हणाली. "मुलं बसव. बाहेरच्या पुलाचा चढ चढून ये. वर पोचलास की गाडी एका हाताने मीट."

"एकाच हाताने?"

"दुसऱ्यात धाकटा असतो. पाळणाघरात उघडी गाडी ठेवू देत नाहीत."

त्याने बाईंकडे पाहिले. "बाहेर नेली तर चालेल ना?"

"न्या की. बायको तारण आहे."

"मला पुढे," थोरली म्हणाली. पुढची जागा धाकट्याची होती. पुढेमागेचे पिठाला सोयरसुतक नव्हते. थोरलीने मात्र पाठ धनुष्यासारखी ताणली, आणि पट्टा लावायलाच पाच मिनिटे गेली.

ते गेल्यावर ती खुर्चीत डोळे मिटून बसली. शेजारी दोन्ही थैल्या निमूट बसल्या होत्या. त्यांचे वजन अचूक होते. मुलांशी साम्य तिथेच संपत होते.

पंचवीस मिनिटांनी तो आला. काखेत रडणारा धाकटा, खिशात थोरलीचा एक बूट. आणि उघडी, रिकामी गाडी थोरली दारावर आपटत होती.

"मिटली नाही," तो म्हणाला.

"दोन्ही हातांनीसुद्धा?" बाईंनी विचारले.

"दुसरा हात मोकळाच झाला नाही." घाम पुसून त्याने पेन्सिल काढली, तक्त्याच्या कडेला बारावा रकाना आखला आणि बायकोकडे वळला. "तुझी उंची किती?"

"एकशे बावन्न." तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

बाईंनी कोपऱ्यातून एक बुटकी गाडी काढली आणि पायाने खटका दाबून ती मिटून दाखवली. त्याने ती उघडली, दोघांना शेजारी-शेजारी बसवले आणि कमरेत वाकून ढकलू लागला. ती चाकांचा आवाज ऐकत होती.

"पाठ मोडेल माझी," तो म्हणाला.

"फक्त रविवारी," ती म्हणाली.