मरायच्या आधीची तीन कामं

कोपर गावच्या भिवाच्या डोक्याला भर सकाळी मिठागरात कावळा शिवला. नुसता घासून गेला नाही हो, चांगली टोच मारून गेला. आता कावळा शिवला म्हणजे मरण आलंच, हे कोपरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वय एकवीस, अंगाने रेड्यासारखा, साधी सर्दीसुद्धा नाही. पण भिवाने फावडं टाकलं आणि आपण आता जाणार असं तो धरूनच चालला.

मरायला त्याची ना नव्हती. फक्त तीन कामं राहिली होती. कुरकुर वाजणारा जोडा घालायचा. पोट फुटेस्तोवर जिलेबी खायची. आणि ठाण्याला टेंभीवर राहणाऱ्या परशुराममामाच्या तुळसाला विचारायचं, माझ्याशी लगीन करशील का. हे शेवटचं काम तीन वर्षं रखडलं होतं. तुळसा समोर आली की या गड्याची बोबडी वळायची, आणि तो मामीकडे तिच्या म्हशीची चौकशी करत बसायचा.

घरी न सांगताच तो निघाला. आगगाडी होती, पण मरणाऱ्या माणसाने उगाच जीव धोक्यात कशाला घालावा, म्हणून होडीने गेला. ठाण्याला उतरल्यावर जिलेबी अशी हाणली की हलवायानेच हात जोडले. मग जोडा घेतला. जन्मभर अनवाणी फिरलेला माणूस, डावा कुठला नि उजवा कुठला हे त्याला कोण सांगणार? उजव्यात डावा पाय कोंबला, डाव्यात उजवा, आणि बोटं कळवळत असताना ऐटीत कुरकुरत टेंभीला पोचला.

मामाच्या दारात उभा राहतो तर आत रडारड. "भिवा रं माझ्या, असा कसा गेलास रं!" मामी छाती पिटत होती. भिवा चरकला. म्हणजे आपण वाटेतच मेलो की काय? जिलेबीनेच घात केला असणार. मेल्यावर पाय इतके दुखतात, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खरा प्रकार निराळाच होता. कावळा शिवला की नातलगांकडे मरणाची खोटी बातमी धाडायची. ऐकून कुणी मनापासून रडलं की आलेलं मरण टळतं, अशी जुनी रीत. मिठागरातून कावळ्याची गोष्ट कानावर येताच भिवाच्या आईने, आवडाबाईने, शेजारच्या धाकूला त्यासाठीच आगगाडीने पिटाळलं होतं. तो कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता.

मामीची नजर दारात गेली, मग भिवाच्या पायांकडे. "पाय उलटं हायत!" ती किंचाळली, आणि मामी पुढे, मामा मागे, दोघेही परसदाराने पसार. एवढा मोठा मामा! एरवी वाघ मारल्याच्या गप्पा.

तोंडावर पदर ओढून बसलेली तुळसा मात्र जागची हलली नाही. भिवाला वाटलं, मेलोच आहोत तर आता भ्यायचं कशाला?

"तुळसा, जित्तेपनी तोंड उघडलं नाय. माझ्याशी लगीन करशील?"

"आता विचारतंस?" तुळसा कडाडली. "मुडद्या, तीन वर्सं म्हशीची चौकशी करीत व्हतास! व्हय, करीन. भूत तर भूत. बस खाली."

भिवा मटकन बसला आणि आधी जोडे ओढून काढले. आत पाय सरळ, आणि टाचेला हा एवढा फोड. भुताला फोड कसा, म्हणून तुळसाने तो बोटाने दाबून पाहिला. भिवा असा केकाटला की धाकूला हसू आवरेना, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

भिवाला आधी आनंद झाला, मग धडकी भरली. "पन मनापासून रडलं कोन? मामी?"

"मामी बारशालाबी रडते, तिचं काय धरायचं?" धाकू म्हणाला.

"मामा?"

"त्यो तंबाखू मळत व्हता."

भिवाचा चेहरा उतरला. आता कुठे जगायला कारण मिळालं, तर रडायला माणूस नाही! "तुळसा, मना मरायचं नाय गं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

तुळसाने तोंडावरचा पदर बाजूला केला. डोळे सुजून लालभडक, आणि पदर पिळून घ्यावा इतका ओला.

"तू शंभर वर्सं मरत नाय," ती म्हणाली. "ऊठ, तोंड पूस. पाक लागलाय."