उजवा दरवाजा

गजेंद्रने पाईपचा पहिला घाव काशीरामच्या पाठीत घातला, दुसरा मांडीवर. काशीराम गुडघ्यांवर कोसळला, तशी कॉलर धरून त्याला उठवलं आणि गाडीच्या उजव्या दरवाजापाशी फरफटत नेलं.

"काका, शेठ यायच्या आत कबूल करा. हातातून हातोडा निसटला, एवढंच म्हणायचंय."

मारतानाही त्याचं 'काका' काही सुटलं नव्हतं. दोघंही खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांतले, गजेंद्र तिथल्या डिंडोली वस्तीतला, काशीराम लिंबायतचा. पण शेठने मुकादम केल्यापासून गजेंद्रचा आपलेपणा हाक मारण्यापुरता उरला होता.

शेठने परदेशी स्पोर्ट्स कार आख्खी विकत घेतली होती. इंजिन आणि सांगाडा तेवढा ठेवून बाकीचं अंग सोलून काढलं होतं. मग सुरतेबाहेर कामरेजच्या या शेडमध्ये काशीरामने दोन वर्षं अॅल्युमिनियमचे पत्रे वाळूच्या पिशवीवर ठेवून, लाकडी मोगरीने ठोकून ठोकून तिला नवं अंग चढवलं. अशी गाडी जगात दुसरी नाही, असं शेठ सांगत फिरायचा, आणि ते खोटं नव्हतं. आज संध्याकाळी ती ट्रकमध्ये चढून दिल्लीच्या प्रदर्शनाला निघायची होती. सकाळी कापड काढून बघतात तर उजव्या दरवाजावर वीतभर पोचा.

"हातोडा पडला तर पोचा गोल पडतो," काशीराम धापा टाकत म्हणाला. "हा लांबट आहे, मागे ओढत गेलाय. चालती गाडी खांबाला घासलीये. काल चावी कोणाकडे होती, त्यालाच विचार ना भाऊ."

शेठचा भाचा ऑफिसच्या दारात मोबाईल घेऊन उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आ मारुं नाम ले छे?" तो ओरडला.

झालं. गजेंद्रचं डोकं फिरलं. आपल्या हाताखालच्या माणसाने मालकाच्या भाच्यावर आळ घ्यावा, तर मुकादमकी राहते कशाला? त्याने पाईप डोक्याच्या वर नेला. तोंड वाचवायला काशीरामने उजवा हात आडवा धरला. घाव मनगटावर बसला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि हात लोंबायला लागला.

काशीरामची मुलगी रूपाली नेमकी तेव्हाच डबा घेऊन आत आली. डबा टाकून ती धावली आणि गजेंद्रच्या दंडाला कडकडून चावली. त्याने तिला झिंजाडून टेबलावर फेकलं. ती उठली तेव्हा कपाळातून रक्त वाहत होतं आणि हातात तीन किलोचा लोखंडी ठोकळा होता. तो तिने फेकून मारला. गजेंद्रच्या खांद्यावर बसला. दुसरा उचलला तसा तो मागे सरला. तिसराही तिने हाताशी ओढून ठेवला होता.

बाहेर शेठची गाडी थांबली. आत येऊन शेठने आधी दरवाजा पाहिला, मग माणसं. पोच्यावरून बोट फिरवलं.

"काशीराम, तीन तासांत निघेल?"

काशीरामने हात दाखवला. शेठ गर्रकन वळला आणि गजेंद्रच्या अशी कानफटात दिली की तो रंगाच्या डब्यांवर जाऊन पडला.

"गधेडा! याचाच हात मोडलास? आता हे काम काय तुझा बाप करणार?"

भाचा एव्हाना ऑफिसात शिरून दार लावून बसला होता.

काशीरामच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी नजर पुन्हा पुन्हा दरवाजाकडेच जात होती. चार वर्षांपासून त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. पत्र्याचा उंचसखल भाग हाताला लागेनासा झाला होता. दुपारी सगळे जेवायला गेले की तो शटर खाली ओढायचा. मग रूपाली डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायची आणि मोगरी उचलायची. दोन्ही दरवाजे तिनेच घडवले होते. पेपरवाला फोटो काढायला आला तेव्हा मात्र काशीराम गाडीशेजारी छाती काढून उभा राहिला आणि 'एकट्याने केली' म्हणाला. रूपाली मागे उभी होती. तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पण असा पोचा घेऊन गाडी दिल्लीला जाणार, या विचाराने त्याचा जीव हातापेक्षा जास्त तुटत होता.

"शेठ, माझी पोरगी काढेल," तो म्हणाला. "खोटं नाही सांगत. हे दरवाजे तिचेच आहेत. अर्धी गाडी तिची आहे."

शेठ रूपालीकडे वळला.

"सच है, बेटी? जो माँगेगी, दूँगा."

रूपाली बापाशेजारी बसून ओढणीने त्याचं मनगट बांधत होती. तिने दरवाजाकडे पाहिलं. तिचा तळवा नकळत हवेतच वळणावरून खाली उतरला, पोच्यापाशी थबकला. काशीरामने ते पाहिलं. मग तिने मूठ मिटली.

"मार लागलाय शेठ, बरळतायत," ती म्हणाली. "मला कुठे काय येतं? मी डबा आणते फक्त."

"रूपाली!" काशीराम कळवळून म्हणाला. "सांग ना गं पोरी. खरं सांग."

तिने त्याच्या डाव्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.

"हळू, बाबा. हाताला धक्का लागेल," ती म्हणाली. "हायवेला रिक्षा मिळेल."